लेकीच्या घरचं पाणी

मुक्काम चंपतरावांचे घर, महाल, नागपूर
१७ जानेवारी १९७८

सौ. वच्छलास आशीर्वाद.

पत्र टाकू नका म्हणून तू बजावून गेली आहेस. "लेकीच्या घरी जेवून या, मंगच मले कागद लिहा," हे तुझे शब्द, आणि तेही टांग्यात बसल्यावर, टांगेवाल्याच्या देखत. तेव्हा याला पत्र समजू नकोस. नवरा कुठे आहे हे बायकोला ठाऊक असावं, एवढ्यापुरताच हा कागद. तहसिलीत आम्ही अशा कागदावर 'माहितीस्तव' लिहायचो. त्याला उत्तर आलं नाही तरी कोणाचं अडत नसे.

तर माहितीस्तव: कळमेश्वरचं घर बंद करून, किल्ली शेजारी जिजाबाईकडे ठेवून मी नागपूरला आलो आहे. जुन्या दोस्तीखातर चंपतरावाकडे उतरलो. महालातल्या मैदानावर जुन्या नागपूरच्या खाण्यापिण्याचा मेळा भरला आहे, सव्वीस जानेवारीपर्यंत. चंपतराव त्याच्या कमिटीवर आहे, छातीवर बिल्ला लावून फिरतो. त्यानं बोलावलं म्हणून आलो. प्रेमिलाचा याच्याशी काही संबंध नाही. तिचं आणि तिच्या सासूचं मेळ्यात दुकान आहे हे मला इथे आल्यावर कळलं.

तू तुझ्या भावाकडे अमरावतीला बसून माझ्यावर रागावली आहेस. पण मी काय गुन्हा केला ते एकदा शांतपणे बघ. दिवाळीत आपण दोघे गोळीबार चौकात तिच्या घरी गेलो. जावईबापूंनी पाण्याचा गडू पुढे केला. मी नको म्हणालो आणि माझ्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी प्यायलो. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे आपल्या घरात चालत आलेलं आहे. मी काही नवीन काढलं नाही. जावई ब्राह्मण असता, पाटील असता, तरी मी तेच केलं असतं. पण ताराचंदच्या मनात आलं की हातमागवाल्यांचं घर म्हणून मी पाणी नाकारलं. त्याचा चेहरा उतरला, प्रेमिला आत गेली ती आपण निघेपर्यंत बाहेर आली नाही. आणि तू मात्र गडूभर पाणी प्यालीस, वर चहा, वर चकल्या. मला एकट्याला उघडं पाडलंस.

आमचे बाबा मरेपर्यंत कौशल्याताईच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. खाप्याला जायचे, ओसरीवर बसायचे, हाच तांब्या उघडून प्यायचे आणि संध्याकाळच्या आत परत यायचे. ताईला मूल झालं नाही, त्यामुळे सवाल कधी आलाच नाही. याला म्हणतात निश्चय.

तब्येत ठीक आहे. चंपतरावाची बायको दोनदा वर येऊन विचारून गेली, "भाऊजी, एवढ्या येरझारा काहून घालून राहिले?" मी म्हटलं, थंडी आहे.

मनोहर

मुक्काम चंपतरावांचे घर, महाल
१८ जानेवारी

सौ. वच्छलास,

आज नागपूर पाहिलं. हसू नकोस. ज्या शहरात कचेरीच्या कामासाठी शंभरदा आलो, ते पाहुण्यासारखं कधी पाहिलं नव्हतं. सकाळी निघालो तो भोसल्यांच्या वाड्याच्या बाजूनं, गांधी दरवाज्याखालून, शुक्रवारी तलावाला वळसा घालून आलो. दरवाज्याच्या कमानीखाली मान वर करून उभा राहिलो तर मागून सायकलवाला ओरडला, "बाजूले व्हा ना बाबूजी, राजे गेले आता." कुठेही गेलो तरी परत मैदानाशीच यायचो. मंडपातून तळणाचा वास यायचा आणि मी पुन्हा दुसऱ्या गल्लीत शिरायचो. चपलेचा अंगठा तुटला, तो शिवून घेतला.

दुपारी चंपतरावाच्या ओट्यावर पंचायत बसली. मी विषय काढला नव्हता. रुपराव आला होता, तो संत्र्यांचा अडत्या, तुझ्या लक्षात असेल, मोठ्यानं बोलतो. त्यानंच काढला.

"मंडपातलं दुकान म्हंजे लेकीचं घर नाही," रुपराव म्हणाला. "भाड्याची जागा हाय ते."

"पन चूल तिची हाय ना?" चंपतराव म्हणाला. "चूल जिथं, घर तिथं."

"चूल कुठं हाय? रॉकेलचा स्टोव्ह हाय, अन् तोही कमिटीचा. मी सोता पाहून आलो."

"मंग तं काही हरकतच नाही. स्टोव्हले कोन चूल म्हनते?"

"अन् कूपन हाय वरून. कमिटीच्या खिडकीवर पैसे द्या, कूपन घ्या, दुकानात दाखवा. म्हंजे मनोहर खाईन ते कमिटीचं. लेकीचं नाहीच. रीतही राहते अन् पोरीचं मनही राहते."

वच्छला, मी तहसिलीत आयुष्य घालवलं, पण इतकी सरळ वाट मला सुचली नव्हती. विकत घेतलेलं अन्न ते बाजाराचं अन्न. त्यात कोणाचा मान जात नाही, कोणाची रीत मोडत नाही. मी तिच्या हातचं खाल्लं, हे तर तिला दिसेल. संध्याकाळी एक कूपन घेऊन ठेवलं आहे, शर्टाच्या वरच्या खिशात.

दुकान लांबून पाहिलं. वडाच्या झाडाखाली आहे. पाटोडी-रस्सा आणि वडाभात असं पाटीवर लिहिलं आहे. गर्दी बरी होती.

मनोहर

महाल
१९ जानेवारी

वच्छला,

आज मी रांगेत उभा राहिलो. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे तू मला भेकड म्हणणार नाहीस.

पुढे चार-पाच माणसं होती. प्रेमिला स्टोव्हपाशी, पदर कमरेला खोचलेला, हातात झारा. बारीक झाली आहे ती. तू मला हे सांगितलं नव्हतंस. गल्ल्यापाशी तिची सासू, सत्यवतीबाई. ताराचंद टेलिफोन खात्यातून रजा टाकून आला असावा, पत्रावळी मांडत होता. मी खिशातलं कूपन काढून हातात धरलं. नंबर जवळ आला तसा मी ते पुन्हा पुन्हा उलटून पाहायला लागलो. एवढ्या वर्षांत वरिष्ठ साहेबांपुढे असं झालं नव्हतं.

माझी पाळी आली आणि विहीणबाईंची नजर माझ्या खांद्यावर गेली. खांद्याला तांब्या होता. घरातून निघताना तो आपोआप खांद्याला लागतो, तुला ठाऊक आहे. मी मुद्दाम नेला नव्हता.

"या इवाईबुवा," त्या म्हणाल्या, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा. "तांब्या आनला का संगं? बरं केलं. आमच्या इथलं पानी तुमाले मानवत नाही."

मागचे दोघं हसले. प्रेमिलानं वळून पाहिलं. तिनं मला पाहिलं, वच्छला, आणि झारा हातात धरून तशीच उभी राहिली. कढईत वडा करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही. ती 'बाबा' म्हणेल असं मला वाटलं. मी 'पोरी' म्हणेन असं तिला वाटलं असेल. शेवटी कूपन खिशात घालून मी रांगेतून बाजूला झालो.

मग रागारागात पलीकडच्या दुकानात तर्रीपोहे खाल्ले, दोन प्लेटा. त्याचा परिणाम पोटावर झाला आहे, जास्त लिहीत नाही.

संक्रांतीचा तिळगूळ तिच्यासाठी आणला होता. देण्याला तर काही आडकाठी नाही, लेकीला द्यायचंच असतं. तोही खिशातच राहिला.

मनोहर

महाल
२२ जानेवारी

सौ. वच्छलास,

तुझं कार्ड मिळालं. नवऱ्याला लिहायचं कार्ड आणि त्यात तीन ओळी: "कूपनाची हुशारी राहू द्या. मंडपात नाही, घरी जा, आणि तांब्या न नेता. पोटासाठी ओवा चावा." खाली सहीसुद्धा नाही. चंपतरावानं ते मोठ्यानं वाचलं, कार्डच ते.

मला खूप राग आला, तो अजून गेलेला नाही. दोन दिवस खोलीत पाय ठरत नाही, आणि बाहेर गेलो की गर्दी अंगावर येते. हे शहर असं सजलंय की जिकडे बघावं तिकडे कोणीतरी कोणाला तरी खाऊ घालतंय. एका दुकानात एक म्हातारा आपल्या मुलीनं पालथ्या माठावर भाजलेल्या लांबरोटीचा तुकडा मोडून ओळख ना पाळख अशा लोकांच्या हातावर ठेवत होता, "आमच्या पोरीनं केली जी, खाऊन पाहा." मी घेतली. छान होती. तिथून लवकर निघालो.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. प्रेमिलाच्या दुकानावरच्या पाटीवर नुसतं 'वडाभात' नाही. 'वच्छलाबाईंचा वडाभात' असं लिहिलं आहे. मोठ्या अक्षरात. भातावर वडा कुस्करून, वरून कडकडीत तेलाची फोडणी, तीत अख्खी लाल मिरची देठासकट, अगदी तुझ्यासारखी. लोक विचारतात, वच्छलाबाई कोण? ती सांगते, माझी आई. आठवडाभर तुझं नाव मैदानावर गाजतंय आणि मी ते तुला सांगितलं नाही, कारण मला ते बघवलं नाही. माझ्या नावाचं तिथे काही नाही. आणि हेही लिहितो: तिचं दुकान असणार हे चंपतरावानं कळमेश्वरला पाठवलेल्या पत्रातच लिहिलं होतं. म्हणून तर मी आलो.

घरी जा म्हणतेस. घरी जाऊन पाणी कसं पिऊ? रीत सोडली तर मग माझ्याजवळ राहिलं काय? मी असं ठरवलं आहे की उद्या ताराचंदला गाठायचं आणि सरळ सगळं सांगायचं. त्याचा गैरसमज जातीचा आहे. तो एकदा दूर झाला की गाठ सुटली. पोरगा समजूतदार आहे. त्याला म्हणेन, बाबा रे, जात माझ्या मनात नव्हती, नाही. एक नातवंड होऊ दे, मग बघ, हा म्हातारा तुझ्या घरून हलायचा नाही.

ओवा चावला. बरं वाटतं.

मनोहर

महाल
२३ जानेवारी

वच्छला,

तुला माहीत होतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी दुकानाच्या मागच्या बाजूला गेलो. ताराचंद उकिडवा बसून रश्श्याचा मोठा गंज राखेनं घासत होता. मला पाहून उठायला लागला, मी म्हटलं बस. मीही बाजूच्या फळीवर बसलो. आणि काल ठरवलं होतं तसं सगळं बोललो. चांगलं बोललो. जात नव्हे बा, रीत आहे आमची. माझ्या बापानं पाळली, मी पाळतो. तुझ्या जागी कोणी असता तरी हेच. लेकराचं तोंड दिसू दे, मग तुझ्या माठातलं पाणी मीच संपवतो. मला वाटलं होतं तो हसेल. मी स्वतः हसलो होतो.

तो घासत राहिला. मग हात थांबवून म्हणाला, "मामाजी, जातीचंच असतं तं बरं होतं."

मी म्हटलं, "म्हंजे काय गा?"

"जात तं तुम्ही आज ना उद्या गिळली असती. मानूस गिळते. पन हे काय करान? दोन डॉक्टरांले दाखवलं आमी. लेकरू होनार नाही म्हनून सांगतलं. तुम्ही जे आता इतकं खुशीनं बोलून राहिले ना, लेकरू होऊ दे मंग पितो, ते ती लगन झाल्यापासून ऐकून राहिली. तिले वाटते, आपल्या घरचं पानी बाबांच्या घशाखाली कधीच उतरनार नाही."

मी तांब्याची फिरकी उघडत होतो आणि लावत होतो. मला ते नंतर कळलं.

कनातीच्या फटीत प्रेमिला उभी होती, तांदळाचं सूप हातात. किती वेळ ते ठाऊक नाही. माझ्याकडे न बघता ती त्याला म्हणाली, "तुमी काहून सांगतलं यायले? आईले पन मी शपथ घातली होती. माह्याकडं पाहून पिले असते तं चाललं असतं. कीव करून नाही पायजे मले." आणि मग, "चला, रांग लागली."

रांग काही लागली नव्हती.

तू दिवाळीला का प्यालीस ते आज कळलं. टांग्यात बसून का ओरडलीस तेही कळलं. शपथेमुळे सांगता येईना आणि न सांगता माझ्याबरोबर राहवेना, म्हणून तू अमरावतीला गेलीस. मी मात्र तुला माहेरपणाची हौस आली असं जिजाबाईला सांगितलं.

माझ्या पोरीला मूल होणार नाही, वच्छला. आणि हे मला तिच्या दुकानामागे, मी हसत असताना कळलं. मला फार वाईट वाटतं आहे. तलावाच्या काठी जाऊन बसलो तर बसवेना, उठलो तर कुठे जावं कळेना. जास्त लिहवत नाही.

मनोहर

नागपूर
२५ जानेवारी

प्रिय वच्छला,

काल लिहिलं नाही. काल काही लिहिण्यासारखं नव्हतं, नुसता फिरलो. आज लिहायला बसलो आहे तर सकाळपासूनचं सगळं एकदम लिहावंसं वाटतं, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

पहाटे तांब्या खांद्याला लावला, जिना उतरलो, परत वर गेलो आणि खुंटीला अडकवून ठेवला. पायीच निघालो. महाल ते गोळीबार चौक, मध्ये कुठे थांबलो नाही, चहाही घेतला नाही. त्या आळीत शिरल्यावर घराघरातून मागांची खटखट ऐकू यायला लागली. दिवाळीत तो आवाज मला कटकटीचा वाटला होता.

दार प्रेमिलानं उघडलं. माझ्या खांद्याकडे पाहिलं आधी. मी म्हटलं, "पोरी, पानी दे. पायी आलो."

ती म्हणाली, "परवा कळलं, अन् आज आले. कीव आली ना बाबा?"

"तहान लागली," मी म्हटलं.

"मंडपात या दुपारी. कूपन हाय ना तुमच्यापाशी?" आणि ती आत निघून गेली.

असं कधी झालं होतं का, वच्छला? माझ्याच लेकीनं मला पाणी दिलं नाही. मी ओट्यावर बसलो. बसलो म्हणजे बसूनच राहिलो. येणारेजाणारे बघत होते, रामराम करत होते. विहीणबाई बाहेर आल्या, रांगेत बोलल्या होत्या तशा बोलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "इवाईबुवा, मी देऊ का पानी? पोरगी हट्टी हाय." मी म्हटलं, "नाही इहीनबाई. तिच्याच हातचं पायजे. हट्टी तं माझीच हाय ते." त्या तिथेच दाराला टेकून बसल्या. ताराचंद डबा घेऊन मंडपात जायला निघाला होता, तोही डबा खाली ठेवून उभा राहिला.

ऊन ओट्यावर आलं. घसा खरंच सुकला होता. तेव्हा मला खाप्याची ओसरी आठवली. तुला मी बाबांच्या निश्चयाचं कौतुकानं लिहिलं होतं. पण त्यातलं एक मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण मला स्वतःलाच ते कधी आठवावंसं वाटलं नाही. मी उठून दारात गेलो आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून बोललो. ती कुठे उभी होती ते दिसत नव्हतं.

"प्रेमिला, तुही कौशल्या आत्या तुले आठवते का? तू लहान होती. मी लहान होतो तेव्हा बाबा मले खाप्याले नेत. बाबा ओसरीवर बसत अन् आपला तांब्या उघडत. ताई दारात लोटा घेऊन उभी राहे. मी पोर, मले चाले, मी तिच्या हातचं पीत होतो. ते मले पाजे अन् पाहे बाबाकडं. दर खेपेले. बाबानं कधी तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही, पोरी. आम्ही निघालो का ते उरलेलं पानी तुळशीले ओते. तिले लेकरू झालं नाही, अन् बाबा मरेपर्यंत ते लोटा घेऊन उभीच राहिली. बाबानं नाही पाहिलं. पन मी पाहिलं होतं. अन् तरी तोच तांब्या घेऊन मी तुह्या घरी आलो. तुले लेकरू नाही म्हनून मले कीव नाही आली. मले ताई आठवली. आता पानी दे, नाही तं मी इथंच बसतो."

मग माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला.

तिनं दिवाळीतलाच गडू आणला. माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी तिच्याकडे बघत प्यायलो. मध्ये ठसका लागला, तरी तोंडाला लावलेला गडू सोडला नाही. संपल्यावर म्हटलं, "आणखी." ती रडायला लागली, मग मीही रडलो, आणि विहीणबाई म्हणाल्या, "बस झालं आता, अंगावर सांडून राहिले," आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला. ताराचंदनं डबा उचलला आणि परत ठेवला.

तिळगूळ इतक्या दिवसांत खिशात चपटा झाला होता. तसाच दिला. तिनं खाल्ला.

नंतर जेवलो. भाकर, पाटोडीचा रस्सा, आणि तुझा वडाभात, मी सांगून करवून घेतला. रश्श्यानं डोळ्यांतून पाणी काढलं, ते बरंच झालं, आधीचं झाकलं गेलं. कूपन मी प्रेमिलाला दाखवलं, तिनं ते चुलीत घातलं. खरी चूल होती, स्टोव्ह नव्हे. रुपरावाला हे सांगणार आहे.

दुपारी चंपतराव माझी पिशवी आणि खुंटीवरचा तांब्या घेऊन आला. प्रेमिलानं तांब्या हातात घेतला, बाहेर नेला आणि आतलं पाणी ओट्याखाली ओतून टाकलं. चिंच लावून घासला, तिच्या माठातलं पाणी भरलं, फिरकी लावली आणि मी बसलो आहे त्या खाटेशी आणून ठेवला. लिहिताना मधून मधून उघडतो आणि पितो. पोट फुगलं आहे, तरी पितो.

तेव्हा आता हे पत्र आहे. माहितीस्तव नाही. तुझी अट मी पुरी केली, पण ती तुझ्यासाठी केली असं मनात आणू नकोस. उद्या मेळ्याचा शेवटचा दिवस. प्रेमिला मघापासून विचारते आहे, आई कधी येते, पाटीवर जिचं नाव आहे तिला लोकांनी पाहिलं तर पाहिजे. हे पत्र पोचेल तेव्हा मेळा उठलेला असेल, तरी ये. पाटी तिनं घरी आणून ठेवायची ठरवलं आहे. कळमेश्वरला जाऊ नकोस, मी तिथे नाही. मी इथे लेकीकडे आहे, तिनं सांगेपर्यंत राहणार आहे.

आणि येताना बडनेऱ्याला गाडी बदलशील, तेव्हा तिथे चहा पिऊ नकोस. तहान लागली तरी तशीच ये.

तुझा,
मनोहर